आठवा महिना चालू, सगळ्यात वरचा मजला, तारीख २ जून. उन्हाचं नक्की किती मनावर घ्यायचं?

धायरीची_सून | १४ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार सगळ्यांना. आत्तापर्यंत इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मला ३३वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, डॉक्टरांनी तारीख २ जून दिलीय. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, पाचवा मजला आणि वर थेट गच्ची. आत्ता रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत आणि बेडरूमच्या भिंतीला हात लावला तर अजून कोमट लागतेय, उशी उलटी केली तरी गरमच. दुपारी नळाला हात धुवायला गेलं की पाणी चटका देतं. एसी नाहीये, कूलर आहे पण तो हॉलमध्ये.

तर काल काय झालं ते सांगते. हाफ डे घेऊन दीडच्या सुमाराला ऑफिसमधून निघाले, स्वारगेटला बसची वाट बघत वीस-पंचवीस मिनिटं उभी होते, शेड होती पण ऊन तिरपं येत होतं. अचानक पोट दगडासारखं कडक झालं, दुखलं असं नाही पण नुसतं घट्ट, मग सुटलं, मग परत. असं तीन वेळा. शेजारी गजरे विकणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी त्यांच्या स्टुलावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं, पदराने वारा घातला, अर्ध्या तासात बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी सकाळपासून कपभर चहा आणि अर्धा ग्लास पाणी एवढंच प्यायले होते कारण ऑफिसचं टॉयलेट एक मजला खाली आहे आणि स्वच्छ नसतं, म्हणून मी पाणीच कमी पिते.

घरी सांगितलं तर सगळे म्हणाले उन्हाने झालं असेल, आराम कर. पण माझ्या नणंदेचं बाळ मागच्या वर्षी मे मध्येच ३५व्या आठवड्यात झालं, नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं, तेव्हाही सगळे असंच म्हणाले होते की उन्हाने झालं. म्हणजे खरंच उन्हाने होतं का असं? आणि होत असेल तर मग आपण आधीच काही करत का नाही?

दुसरं म्हणजे, सासूबाईंनी भोरहून शेगडी आणून ठेवलीय, बाज सांगून ठेवलीय, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा सगळं तयार आहे. त्या मनाने फार चांगल्या आहेत, माझं सगळं त्याच करतायत, पण या खोलीत जूनच्या सुरुवातीला शेगडी म्हणजे मला विचार करूनच गुदमरायला होतंय. त्यांना दुखवायचं नाहीये. काय सांगू?

---

सिस्टर_ताई | १४ एप्रिल, रात्री ११:५२

अगं बाळा, आधी हे वाच आणि मग बाकीचं. मी २६ वर्षं लेबर रूम आणि एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढलीत, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. ३७ आठवड्यांच्या आत पोट वारंवार कडक होत असेल तर ते तपासून घ्यायचं असतं, घरी बसून ठरवायचं नसतं. काल झालं आणि थांबलं ते चांगलंच झालं, पण उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि पोट कडक झालं होतं, तीन वेळा, उन्हात उभी होते, पाणी प्यायले नव्हते हे असंच्या असं सांग. लघवी तपासायला सांग. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवीचं इन्फेक्शन होतं, गरोदरपणात ते कधीकधी जळजळ न होताही असतं आणि त्याने कळा लवकर सुरू होऊ शकतात. आणि आज रात्री परत तासात चार वेळा कडक झालं, किंवा कंबर धरून आली, पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ ला फोन कर. गरोदर बायकांसाठी १०२ पण आहे, दोन्ही फुकट.

हालचाल कशी बघायची ते पण सांगते कारण पहिलटकरणीला कोणी नीट सांगत नाही. जेवून झालं की डाव्या कुशीवर पड, मोबाईल बाजूला ठेव, पोटावर हात ठेव आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, बहुतेक वेळा अर्ध्या तासातच होतात. नाही झाल्या तर "उन्हाने सुस्तावलं असेल" असं म्हणायचं नाही.

हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. डोकं दुखतंय, उन्हाने असेल. पाय सुजलेत, उन्हाने. डोळ्यापुढे अंधारी आली, उन्हाने. अगं आठव्या महिन्यात डोकं ठणकणं, चेहरा-हात सुजणं, डोळ्यांपुढे चमकणं ही बीपी वाढल्याची लक्षणं असतात. मी अशा बायका पाहिल्यात ज्या तीन दिवस कांद्याचा रस लावून घरी बसल्या आणि झटके यायला लागल्यावर आल्या. ऊन आहे म्हणून जास्त लक्ष द्यायचं, ऊन आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

शेगडीचं उद्या सविस्तर लिहिते.

---

मे_महिन्यातली_आई | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

सिस्टरताई म्हणतात तसं आज नक्की जा गं. माझं बाळ मागच्या वर्षी ११ मेला झालं, पूर्ण दिवसांचं, वजन ३ किलो १०० ग्रॅम, सगळं छान, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. हडपसरला माहेरी आले. आमच्याकडे रीत आहे की बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू द्यायचा नाही, म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, बाळाला झबलं, त्यावर स्वेटर, टोपडं, हातमोजे, पायमोजे आणि वरून दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. मलाही कानाला फडकं. बाहेर चाळीसच्या वर होतं त्या दिवशी.

संध्याकाळी बाळ प्यायला उठेचना. आम्हाला वाटलं शांत बाळ आहे, आईने तर दृष्ट काढली की किती गुणी म्हणून. रात्री नऊला लंगोट बदलताना बघितलं तर ओला जवळजवळ नव्हताच, मध्ये विटकरी रंगाचा एक डाग होता, रुपयाएवढा. मला वाटलं रक्त आहे. दुपटं सोडलं आणि पोटाला हात लावला, भाजलं हो हाताला. ताप १०१.८. तसंच उचलून नेलं.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं तर बाळाला उघडं केलं. नुसता लंगोट ठेवला. मग रक्त तपासलं, वजन केलं तर २ किलो ७५० भरलं, तीन दिवसांत ३५० ग्रॅम कमी. पहिल्या आठवड्यात थोडं वजन उतरतंच पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की काळजी असते, माझ्या बाळाचं अकरा टक्क्यांच्या वर उतरलं होतं. ते म्हणाले अंगातलं पाणी कमी झालंय, सोडियम वाढलंय, दूध कमी मिळत होतं आणि वरून उकाडा. कावीळही वाढली होती. इन्फेक्शन आहे का ते बघायला दोन दिवस ठेवून घेतलं, ते निघालं नाही देवाच्या कृपेने. दर दोन तासांनी पाजायला लावलं, दूध काढून वाटी-चमच्याने पण दिलं. आज माझा लेक अकरा महिन्यांचा आहे, घरभर रांगतोय.

पण ती रात्र मी विसरले नाही. आईला अजून त्याचं वाईट वाटतं, ती म्हणते मी माझ्या हाताने गुंडाळलं. तिची चूक नव्हती, तिला तिच्या सासूने तसंच शिकवलं होतं आणि माझा जन्म डिसेंबरचा, तेव्हा ते बरोबरच होतं.

---

धायरीची_सून | १५ एप्रिल, दुपारी ३:४०

जाऊन आले. सिस्टरताई, तुमचे पाय धरायला हवेत. लघवीत इन्फेक्शन निघालं, मला जळजळ अजिबात नव्हती. तपासलं, पिशवीचं तोंड बंद आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, सोनोग्राफीत पाणीही ठीक आहे. सात दिवस गोळ्या दिल्यात, परवा कल्चरचा रिपोर्ट येईल. बीपी नॉर्मल. एक सलाईन लावलं आणि तासभर मशीनवर ठोके बघितले. डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद सांगितला, ऑफिसला पत्र पण दिलं. रजा २६ आठवडे आहे त्यातली थोडी आधी घेता येते हे मला माहीतच नव्हतं, तारखेच्या आधी ८ आठवड्यांपर्यंत घेता येते म्हणे.

मे महिन्यातली आई, तुमचं वाचताना हात थरथरत होते. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी बघितलं तर बाळंतविड्यातलं लोकरीचं टोपडं आणि कुंची वेगळी काढून ठेवली होती.

---

कोथरूडचा_काका | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

सगळ्या ताईंचा आदर ठेवून एक विचारतो, भांडायला नाही. माझा जन्म मे महिन्यातला, गावाकडे, आई सकाळपर्यंत शेतात होती. पुण्यातही ऊन काही आत्ताचं नाही, शिवाजीनगरच्या वेधशाळेतला एप्रिलचा रेकॉर्ड ४३.३ आहे आणि तो ३० एप्रिल १८९७ चा आहे. मग तेव्हा काय सगळ्या बायका लवकर बाळंत होत होत्या का? उगाच पोरींना घाबरवलं तर त्या घाबरूनच आजारी पडतील असं मला वाटतं.

---

आकडेमोड | १५ एप्रिल, रात्री १०:३०

काका, प्रश्न रास्त आहे म्हणून नीट उत्तर देतो. मी सार्वजनिक आरोग्याचं शिकतोय, उष्णता आणि आरोग्य हाच विषय घेतलाय.

तेव्हा बाळं जगली नाहीत तर त्याची नोंद कोण ठेवत होतं? आपल्या आज्यांना विचारा किती झाली आणि किती राहिली, त्या आठ झाली पाच राहिली असं अगदी सहज सांगतात. जी राहिली ती आपण. त्यातली किती उन्हाने गेली हे आता कोणी सांगू शकत नाही पण काहीच झालं नाही असंही म्हणता येत नाही ना.

आता आकडे. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ देशांतले ७० अभ्यास एकत्र करून तपासले होते. तापमान १ अंशाने वाढलं की वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी वाढते, उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी, आणि बाळ पोटात दगावण्याची शक्यताही अंशामागे ५ टक्क्यांनी. म्हणजे शंभरातल्या ५ जणींना होणार असा अर्थ नाही, मुळात जी शक्यता आहे ती थोडी वाढते. एकट्या बाईसाठी हे फार नाही, म्हणून घाबरायचं नाही हे काकांचं बरोबर. पण २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्या संख्येवर ५ टक्के म्हणजे किती घरं याचा हिशोब करा.

आणि शेतात राबणाऱ्यांना काही होत नाही हे तर तपासलंच गेलंय. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे, तिथे शेतात काम करणाऱ्या ९२ गरोदर बायकांना थेट शेतात जाऊन मोजलं. उष्णतेचा ताण १ अंशाने वाढला की पोटातल्या बाळावरचा ताण, म्हणजे ठोके आणि नाळेतला रक्तप्रवाह यावरून मोजलेला, १७ टक्क्यांनी वाढत होता. तमिळनाडूत ८०० गरोदर बायकांवर अभ्यास झाला, ज्या उकाड्यात काम करत होत्या, विटभट्टी, मीठागर, शेती वगैरे, त्यांच्यात गर्भपाताचा धोका दुप्पट निघाला. त्या बायका काम करतात कारण पोट आहे, त्यांना सोसतं म्हणून नव्हे.

होतं कसं तेही थोडं सांगतो. दिवस गेलेल्या बाईचं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदयाला आधीच जास्त काम. पोटातल्या बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच असतं आणि ते स्वतः घाम गाळू शकत नाही, त्याची उष्णता आईच्या रक्तातूनच बाहेर जाते. ऊन लागलं की शरीर रक्त कातडीकडे पाठवतं म्हणजे घाम येऊन थंड व्हावं, मग गर्भाशयाकडे कमी जातं. त्यात पाणी कमी पडलं की काही हार्मोन वाढतात आणि त्यांनी पोट कडक व्हायला लागतं असं मानतात. धायरीच्या ताईंना स्वारगेटला बहुतेक हेच झालं असणार, इन्फेक्शनने त्यात भर घातली.

नवजात बाळांबद्दल अहमदाबादचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मे २०१० मध्ये तिथे ४६.८ अंशांपर्यंत गेलं होतं, त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तिथल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, गच्चीच्या खाली, अगदी ताईंच्या बेडरूमसारखा. ४२ च्या वर प्रत्येक अंशाला उष्णतेमुळे एनआयसीयूत येणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. मग वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला आणि बाळांचं येणं कमी झालं. औषध नाही, मशीन नाही, फक्त मजला बदलला. २०१३ मध्ये त्यांनी शहराचा उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. म्हणून ताई, माझं ऐकाल तर जमलं तर मजला बदला, म्हणजे बाळंतपणापुरतं खालच्या मजल्यावर कोणाकडे सोय होते का बघा.

---

गच्चीवाला | १६ एप्रिल, सकाळी ९:१५

मजला बदलणं जमत नसेल तर गच्ची बदला. आम्ही सिंहगड रोडलाच राहतो, आम्हीही टॉपला. मी आणि शेजारच्याने दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना मारला, चुन्यात फेविकॉल घातलं म्हणजे पायाला लागत नाही, दोन हात. सोसायटीची परवानगी घ्या आधी. संध्याकाळी छताला हात लावला की फरक कळतो, आधी हात ठेववत नव्हता. पावसाने जातो, दरवर्षी मारावा लागतो.

आणि पुण्याचा एक फायदा आहे तो लोक वापरत नाहीत. मुंबईसारखं नाही, आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी चाळीस असलं तरी पहाटे बावीस-तेवीसपर्यंत उतरतं. तर रात्री दहानंतर सगळ्या खिडक्या उघडा, डास असतील तर जाळी मारून घ्या, समोरासमोरच्या उघडल्या की वारा फिरतो. सकाळी नऊ-दहाला बंद करून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून काहीतरी लावा, वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट. पडदा आतून लावला तर काच तापून उष्णता आत आलेलीच असते, बाहेरून लावणं महत्त्वाचं. कूलर हॉलमधून बेडरूमच्या खिडकीत न्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर नुसता दमटपणा होतो. कूलरचं पाणी मात्र बदलत राहा, डेंग्यूचे डास त्यातच होतात आणि गरोदरपणात डेंग्यू म्हणजे अजून वाईट.

---

सिस्टर_ताई | १६ एप्रिल, दुपारी २:३०

आता शेगडी.

धायरीच्या सूनबाई, सासूबाईंना हे सांग की शेक-शेगडीमागचा विचार चुकीचा नाही, तो थंडी-पावसातल्या कुडाच्या घरातल्या बाळंतिणीसाठी होता. नवजात बाळाला थंडी बाधते हे शंभर टक्के खरं आहे. पण त्याला उकाडाही तेवढाच बाधतो, कारण त्याला घाम धड येत नाही, पांघरूण लाथाडता येत नाही, पाणी मागता येत नाही. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ च्या मध्ये असायला हवं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावायचा. जास्त निघालं तर आधी कपडे काढायचे, गार जागी आणायचं, पाजायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत बघायचं. उघडं करूनही उतरत नसेल, किंवा १००.४ च्या वर असेल, तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी ठेवायचंच नाही आणि मनाने तापाचं औषधही द्यायचं नाही.

थर्मामीटर नसेल तर हात. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लाव. पोट कोमट, पाय कोमट आणि गुलाबी, तर बाळ मजेत आहे. पाय गार आणि पोट कोमट, तर थोडं पांघरूण घाल. पोट आणि पाय दोन्ही तापलेले, चेहरा लाल, तर कपडे जास्त झालेत.

मे-जूनमध्ये मलमलचं एक झबलं आणि लंगोट एवढंच. टोपडं जन्मल्यावर पहिले काही तास आणि बाहेर नेताना, घरात उकाड्यात नाही, कारण बाळाची उष्णता डोक्यातूनच सगळ्यात जास्त बाहेर जाते. पंखा चालतो, कूलर चालतो, एसी पण चालतो २५-२६ वर, फक्त झोत थेट अंगावर नको. धुरी अजिबात नको, बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर म्हणजे बाळाच्या छातीला त्रास आणि बाळंतिणीलाही, कोळशाचा वायू वासाशिवाय माणसाला गुंगवतो. माळिश करा की, माळिश छान, पण हलक्या हाताने, सकाळी गार असताना, आणि तेल अंगावर थापून ठेवायचं नाही, पुसून कोमट पाण्याने आंघोळ. नाहीतर घामोळं आणि पुटकुळ्या येतात.

आणि एक, हे मोठ्या अक्षरात घरात लावा. सहा महिने पाणी नाही. मे महिना असला तरी नाही. घोटभर नाही, मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं. बाळाचं पोट एवढंसं, त्यात पाणी भरलं तर दूध कमी जातं. बाळाला तहान लागली की आईने पाजायचं आणि आईने पाणी प्यायचं. उन्हाळ्यात बाळं वारंवार पण थोडं थोडं पितात, दूध कमी आहे असं समजून पावडरच्या दुधाचा डबा सुरू करायचा नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले पाहिजेत. सहा झाले तर दूध पुरतंय.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, अडीच किलोच्या वरच्या बाळाचं. लवकर झालेलं किंवा कमी वजनाचं असेल तर त्याला लवकर गारठाही लागतो, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच पांघरूण आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवायचं, त्याच्या इतकी चांगली शेगडी कुठली नाही. सासूबाईंना म्हणावं ती उब तुम्हीही देऊ शकता, आजीने छातीशी धरलं तरी चालतं.

---

कोथरूडचा_काका | १६ एप्रिल, रात्री ८:५०

आकडेमोड यांचं वाचलं. आज आईला फोन करून विचारलं, ती ८१ वर्षांची आहे. तिने सांगितलं माझ्या आधी एक मुलगी झाली होती, वैशाखातच, पाचव्या दिवशी गेली. मला साठ वर्षांत हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली ताप होता, दूध ओढत नव्हती.

माझा आधीचा मुद्दा मी मागे घेतो.

---

वस्तीतली_ताई | १७ एप्रिल, सकाळी १०:४०

काका, आईंना सांभाळा.

मी वस्तीत आरोग्याचं काम करते, आशाताईंच्या बरोबर फिरते. इथे कूलर, एसी, रजा हे सगळं वाचलं, चांगलं आहे, पण आमच्याकडे दहा बाय दहाची पत्र्याची खोली असते, खिडकी एक, ती पण गल्लीत उघडणारी, आणि बाई नवव्या महिन्यापर्यंत चार घरची धुणीभांडी करते. दुपारी तीनला एका सोसायटीतून दुसरीकडे चालत जाते कारण तुम्हाला ऑफिसमधून यायच्या आत भांडी झालेली हवी असतात. तुमच्यापैकी कोणाकडे अशी बाई येत असेल तर कृपा करून तिची वेळ सकाळी सातची करा. आल्या आल्या तिला पाणी द्या, बसवा, तुमचं बाथरूम वापरू द्या. धायरीच्या ताई पाणी का पीत नव्हत्या? टॉयलेट नीट नव्हतं म्हणून. आमच्या बायका पण त्याचमुळे पीत नाहीत, त्यांना तर लांबच्या सार्वजनिक संडासाला जावं लागतं. मी दरवर्षी उन्हाळ्यात हे बघते, पाणी प्या पाणी प्या म्हणून सांगून काही होत नाही, जायला जागा हवी.

पत्र्यासाठी आम्ही वर गोणपाट घालून सकाळ-दुपार पाणी मारायला सांगतो, पाणी असलं तर. दुपारी मंदिरात, समाजमंदिरात, झाडाखाली बसायला सांगतो. ओल्या फडक्याने मान, काखा, मांड्या पुसायच्या. ओआरएसची पावडर आशाताईंकडे मोफत असते, एक पाकीट एक लिटरला, अर्धं पाकीट अंदाजे असं करायचं नाही. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, सपाट भरून. ज्यांना गरोदरपणात साखर निघालीय किंवा बीपी आहे त्यांनी हे मनाने रोज प्यायचं नाही, विचारून. रोजच्यासाठी ताक, माठातलं पाणी, भाताची पेज बरी. दुकानातल्या रंगीत गोड पेयाच्या खोक्याला ओआरएस समजू नका. आणि महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते, तुमच्याकडच्या ताईंना त्या दिवशी सुट्टी द्या, पगार न कापता.

---

धायरीची_सून | २८ मे, पहाटे ४:५०

किती दिवसांनी लिहितेय. २३ मेला मुलगी झाली, नॉर्मल, ३८ आठवडे पूर्ण होऊन चार दिवस, २ किलो ८००. तुम्हा सगळ्यांना पहिल्यांदा सांगावंसं वाटलं पण हात मोकळा नव्हता.

काय काय केलं ते सांगते. इन्फेक्शन गोळ्यांनी गेलं, परत तपासलं. मे सुरू झाल्यापासून मी खाली पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे दुपार काढायचे, त्या एकट्याच असतात, त्यांनीच बोलावलं. नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने गच्चीला चुना मारला, बाकी तीन फ्लॅटवाल्यांनी पैसे काढले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आता सकाळी साडेसहाला येतात, त्यांच्या सुनेला सहावा महिना आहे, तिला ९ तारखेला तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन ८ निघालं.

शेगडीचं सासूबाईंनीच ठरवलं. म्हणाल्या या खोलीत शेगडी नको, मी गरम पाण्याच्या पिशवीने तुझी कंबर शेकते, तेही पहाटे. लाडू मात्र केलेत, डिंकाचे थोडे आणि अळीवाची खीर. गजरेवाल्या मावशींना पेढे नेऊन दिले नवऱ्याने, त्यांना आधी ओळख पटेना.

आता एक विचारायचंय सिस्टरताई. आज पाचवा दिवस. काल दिवसभरात लंगोट पाच ओले झाले, सहा नाही. गुरुवार आहे आज, दुपारी लाईट जाणार असा मेसेज आलाय. ताप ९८.६, पोट आणि पाय कोमट, पिते छान, शी पिवळी झालीय. पाच म्हणजे काळजीचं आहे का?

---

सिस्टर_ताई | २८ मे, पहाटे ५:१५

अभिनंदन गं पोरी! लेकीला माझा मुका.

काल चौथा दिवस होता, चौथ्या दिवशी पाच चालतात, शी पिवळी झालीय म्हणजे दूध चांगलं उतरलंय, पण आज सहा व्हायला हवेत. लाईट जायच्या आत, सकाळीच, तिला घेऊन खाली काकूंकडे जा, पाण्याचा तांब्या आणि थर्मामीटर बरोबर घे. दर दोन तासांनी पाज, झोपली असेल तर तळपायाला गुदगुल्या करून उठव. दुपारी लंगोटावरच ठेव आणि सुती कापडाने वारा घाल. तुझं पाणीही मोज, प्रत्येक वेळी पाजायला बसलीस की एक ग्लास. पिवळेपणा छातीच्या खाली पोट-पायांपर्यंत दिसला, किंवा उठवूनही ओढेनाशी झाली, तर लगेच दाखव. नाहीतर उद्या वजन करायला न्यायचंच आहे.

संध्याकाळी किती लंगोट झाले ते लिही, मी बघते.

---

धायरीची_सून | २८ मे, रात्री ९:४०

सात.